कॅमेरा ठेवला, पण रोल घेणार नाही



आजचा विषय स्वयंपाकघरातला नाही, देव्हाऱ्यातलाही नाही. पण दोन्हीकडे जाऊन पोचतो, म्हणून लिहिते आहे. विषय आहे आमच्या घरातला जुना कॅमेरा.

मे महिन्यात नात पुण्याहून आली होती. आंबे संपत आले तशी तिची करमणूकही संपली आणि तिने माळ्यावरच्या ट्रंका उघडायला सुरुवात केली. एका ट्रंकेत गोधड्यांच्या खाली, पिशवीत गुंडाळलेला यशिका सापडला. एमएफ-२ सुपर. काळा, प्लॅस्टिकचा, हातात मावणारा. तुमच्यातल्या निम्म्या जणींच्या घरी हाच असणार, नाहीतर कोडॅकचा केबी-१० असणार. नात एवढी आनंदली की मला वाटलं सोनं सापडलं. "आजी, हा व्हिंटेज आहे! आमच्या कॉलेजात मुली असले कॅमेरे विकत घेतात!" मी म्हटलं, "बाई गं, आम्ही त्याला अडगळ म्हणतो."

सेलच्या कप्प्यात पांढरी पूड साचली होती. सेल आत विसरले की असं होतं. कापसाच्या बोळ्याला लिंबाचा रस लावून पुसलं, कोरडं केलं, नवे दोन पेन्सिल सेल घातले, फ्लॅशची कळ सरकवली आणि तो ओळखीचा बारीक किर्रर्र आवाज आला. वीस वर्षांनी! नात लगेच म्हणाली, "आजी, रोल मागवूया ना."

आणि तिथून सगळं सुरू झालं.

आधी थोडं मागचं सांगते. माझ्या लहानपणी जयसिंगपूरला आमच्याकडे कॅमेरा नव्हता, काकांकडे होता. आगफा क्लिक थ्री. बडोद्याला बनायचा तो. एका रोलमध्ये बारा फोटो, चौकोनी, काळेपांढरे. १९८१ च्या फेब्रुवारीत श्रवणबेळगोळच्या महामस्तकाभिषेकाला आम्ही घरची चौदा माणसं गेलो होतो. मूर्तीच्या प्रतिष्ठापनेला हजार वर्षं झाली म्हणून तो सोहळा फार मोठा होता, इंदिरा गांधींनी हेलिकॉप्टरमधून फुलं वाहिली होती. चौदा माणसं, सत्तावन्न फुटी बाहुबली आणि फोटो बारा! काकांनी सहा त्या दिवशी काढले आणि सहा परतीच्या वाटेसाठी राखून ठेवले. सहापैकी एकात भगवंतांचे फक्त गुडघे आले आहेत. तो फोटोसुद्धा आम्ही फेकला नाही.

लग्नानंतर ह्यांची बँकेत रत्नागिरीला बदली झाली आणि आम्ही इथलेच झालो. १९९२ मध्ये यशिका घेतला. हॉट शॉट त्याआधी बऱ्याच घरांत आला होता, तो "खटॅक" वाला. पण आम्हाला पस्तीस एमएमचा हवा होता, कारण त्याचा रोल कुठेही मिळायचा. यशिकाची गंमत अशी की त्याला फोकस करावा लागत नाही. भिंग एका जागी पक्कं बसवलेलं, आणि छिद्र लहान, त्यामुळे दीडदोन मीटरच्या पुढचं सगळं ठीकठाक स्पष्ट येतं. म्हणून माझ्यासारख्या बाईलाही तो चालवता यायचा. खिडकीतून बघा, बटण दाबा, अंगठ्याने चाक फिरवा. संपला रोल की छोटी मूठ फिरवून गुंडाळा. गुंडाळायच्या आधी मागचं झाकण उघडलं की संपलं. एकदा ह्यांनी मांडवीच्या जेटीवर उघडलं आणि मुलाच्या मौंजीएवढ्या उत्साहात काढलेला अख्खा वाढदिवस उन्हाला अर्पण केला. (रत्नागिरीत राहून उपमा इथल्याच सुचतात.)

मी कॉमर्सची. लग्न झाल्यापासूनच्या हिशेबाच्या वह्या माझ्याकडे आहेत. दिवाळी १९९४: रोल ९५, धुलाई २०, चांगले आलेले ३४ प्रिंट चार रुपयांप्रमाणे १३६. एकूण २५१. म्हणजे एका फोटोला साडेसात रुपयांच्या आत. आता नातीने फोनवर बघून सांगितलं, रोल हजाराच्या आसपास, धुलाई आणि स्कॅन वेगळे, आणि रत्नागिरीत रंगीत रोल धुणारं मला कुणी मिळेना, तेव्हा मुंबईचं कुरिअर. पंधराशेच्या घरात. छत्तीसने भागा, एका फोटोला चाळीसवर रुपये. तरी मी म्हटलं, घेऊ. वाढदिवसाचं म्हणून घेऊ. पैशासाठी मी अडणार नव्हते.

मी अडले ती बुरशीमुळे.

त्याच ट्रंकेत निगेटिव्हची पाकिटं होती. कोकणातला पाऊस तुम्हाला सांगायला नको. पापड, पुस्तकं, चामड्याच्या चपला, काही सुटत नाही. निगेटिव्हवर पांढऱ्या जाळ्या पसरल्या होत्या, काही एकमेकांना चिकटल्या होत्या. मजा म्हणजे बुरशी एकाच बाजूला होती. चकचकीत बाजू साफ, निस्तेज बाजू खाल्लेली. माझा पुतण्या रसायनशास्त्र शिकवतो, त्याला फोन केला. तो म्हणाला, "काकू, त्या बाजूला जिलेटिन असतं. बुरशीला ते अन्नच आहे."

मी म्हटलं, "जिलेटिन? कॅप्सूलचं असतं तेच?"

"तेच. गुरांच्या हाडांचं, कातड्याचं, कधी डुकराच्या कातडीचंही."

मी फोन खाली ठेवला आणि हात धुतले. हात धुण्यात काही अर्थ नव्हता, तीस वर्षं मी ते हाताळतच होते.

आपण जिलेटिनवाल्या गोळ्या मुलांना देत नाही. डॉक्टरांना विचारतो, कॅप्सूलऐवजी गोळी चालेल का. केकवाल्याला विचारतो. वर्ख सोडला. आणि दर दिवाळीला हौसेने हाडांचा लेप लावलेली पट्टी विकत आणून त्यावर सणाचे फोटो काढत होतो! कुणी सांगितलंच नाही. डब्यावर लिहिलेलं नव्हतं.

पुतण्याने दुसऱ्या दिवशी नीट समजावून सांगितलं, ते थोडक्यात लिहिते, कारण माझ्यासारखंच तुम्हालाही वाटेल की नव्या जमान्यात काहीतरी दुसरं निघालं असेल. नाही निघालेलं. फिल्म म्हणजे प्लॅस्टिकसारखी पारदर्शक पट्टी आणि तिच्यावर चांदीच्या क्षारांचे अतिसूक्ष्म कण. ते कण पट्टीवर सारखे पसरून धरून ठेवायला जिलेटिन लागतं. त्याचा गुण असा की थंड पाण्यात ते फुगतं पण विरघळत नाही. त्यामुळे धुताना औषध आत शिरतं, काम करतं, बाहेर येतं, आणि चित्र जागचं हलत नाही. रंगीत फिल्मवर असे पातळ थर एकावर एक कितीतरी असतात. १८७१ साली मॅडॉक्स नावाच्या इंग्रज डॉक्टरने जिलेटिनची काच करून दाखवली, तेव्हापासून आजतागायत तेच चाललं आहे. पर्याय शोधून पाहिले, पण त्याची जागा पूर्ण भरून काढणारं काही मिळालं नाही. त्याच्याआधी तरी काय सोवळं होतं? छपाईच्या कागदाला अंड्यातला पांढरा बलक लावत.

आणखी एक गोष्ट त्याने सांगितली ती मात्र माझ्या मनातून जात नाही. १९२० च्या दशकात कोडॅकच्या प्रयोगशाळेत शेपर्ड नावाच्या शास्त्रज्ञाने शोधून काढलं की काही जिलेटिनची फिल्म जास्त तेज का आणि काहींची मंद का. तर ज्या गुरांनी मोहरीच्या जातीच्या वनस्पती खाल्ल्या, त्यांच्या जिलेटिनमध्ये गंधकाचा अंश उतरतो आणि त्याने फिल्मला प्रकाश लवकर टिपता येतो. म्हणजे त्या जनावराने कुठल्या रानात काय चरलं, तेसुद्धा फोटोत उतरतं. वैज्ञानिकांना यात नवल वाटलं असेल. मला ती गाय दिसली.

आता माझं मत. सरळ सांगते: नवा रोल घ्यायचा नाही, असं मी ठरवलं.

घरात सगळ्यांना हे पटलं असं नाही. मुलगा म्हणाला, "आई, फिल्मसाठी कुणी जनावर मारत नाही. ते मांसासाठी मारतात, हाडं उरतात." हा मुद्दा मी मनात खूप वेळ घोळवला, कारण तो खोटा नाही. पण आपल्याकडे तीन शब्द आहेत: कृत, कारित, अनुमोदना. स्वतः केलं नाही, दुसऱ्याकडून करवलं नाही, एवढ्याने सुटका होत नाही. झाल्याला होकार देणं हेही खात्यात जमा होतं. आणि कॉमर्सच्या भाषेत सांगायचं तर, उरलेल्या हाडांना भाव मिळतो तो खाटकाच्या नफ्यातच जातो ना? ज्या वस्तूला गिऱ्हाईक आहे तिला उरलेली कशी म्हणायची?

श्रावकाला सगळी हिंसा टाळता येत नाही, हे आपल्या आचार्यांनी मान्य केलं आहे. चूल पेटवली की आरंभी हिंसा आहे, दुकान टाकलं की उद्योगी आहे. संकल्पी तेवढी पूर्ण सोडायची. मग फिल्म कशात येते? तेव्हा अजाणतेपणी घेतली. आता जाणून, हौसेसाठी, हजार रुपये मोजून घेतली, तर ते आरंभीत ढकलायला माझं मन धजत नाही. गरज असती तर वेगळं. ह्यांचं हाड मोडलं होतं तेव्हा एक्स-रे काढला, ती फिल्मही जिलेटिनचीच होती, आणि पुन्हा तशी वेळ आली असती तर पुन्हा काढला असता. दुखण्याची सवलत हौसेला लावायची नाही, एवढाच माझा हिशेब.

जाऊबाईंचं म्हणणं उलट्या टोकाचं. त्या सांगलीहून आल्या होत्या, त्यांनी ऐकलं आणि म्हणाल्या, "मग जुने अल्बमही ठेवू नका. घरात हाडं ठेवल्यासारखंच की ते. पर्युषणाच्या आत काढून टाका."

इथे मी थांबले. आपल्या किती घरांत चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराजांचा फोटो आहे? १९५५ मध्ये कुंथलगिरीला महाराजांनी सल्लेखना घेतली, त्या दिवसांतले फोटो आजही आपल्या मंदिरांत, घरांत दिसतात. तेही कुणीतरी फिल्मवरच काढले. कुणा श्रद्धाळू माणसाने भक्तीने काढले, त्याला ठाऊक नव्हतं. तो फोटो आता मी कुठल्या तोंडाने भिंतीवरून उतरवू? मी जाऊबाईंना म्हटलं, "तुमचा लग्नाचा शालू रेशमाचा आहे. रेशीम तुम्ही पंचवीस वर्षांपूर्वी सोडलंत. शालू टाकलात का?" त्या गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "नेसत नाही मी तो." मी म्हटलं, "मीही नवा रोल घेत नाही."

हा युक्तिवाद पक्का आहे असा माझा दावा नाही. शालू आणि फोटो यांत फरक आहे, शालू पेटीत राहतो आणि फोटो आपण रोज बघतो. पण जे झालं ते फेकून दिल्याने त्या जीवाला काही परत मिळत नाही. फेकायचं तर कुठे? कचऱ्याच्या ढिगावर, आपल्या सासू-सासऱ्यांचे चेहरे? ते माझ्याने होणार नाही. निगेटिव्ह पुसायला बसले तेव्हाही मन खाल्लंच, कारण बुरशी म्हणजे अनंत जीव. शेवटी पुसलं नाही. कोरड्या उन्हाच्या दिवशी सावलीत पसरून ठेवल्या आणि सिलिका जेलच्या पुड्या घालून घट्ट झाकणाच्या डब्यात भरल्या. नवी धरणार नाही एवढं बघितलं.

अजून एक अडचण राहिली होती, आणि खरं तर हीच मोठी. यशिकाच्या काचेत आकडा दिसत होता २७. म्हणजे आत रोल होता. सत्तावीस फोटो काढलेला, वीसेक वर्षं तसाच पडलेला.

सासूबाई २००४ मध्ये गेल्या. शेवटच्या वर्षात त्यांनी एकेक पदार्थ सोडत आणला होता. फोटोही काढू द्यायच्या नाहीत. म्हणायच्या, "देह सोडायचा आणि त्याची सावली कपाटात ठेवायची, हे कसलं?" त्यामुळे त्यांचा म्हातारपणचा फोटो आमच्याकडे नाहीच. भिंतीवर आहे तो चाळिशीतला, स्टुडिओतला, त्या त्यात वेगळ्याच दिसतात. आत जो रोल होता तो त्याच सुमाराचा असणार.

धुवावा की नाही? जाऊबाई म्हणाल्या, नको. ह्यांनी काहीच म्हटलं नाही, पण दोनदा कॅमेरा उचलून बघितला. मी विचार केला तो असा: फिल्म विकत घेऊन झालेली. धुवायला औषधं लागतात, नवं जिलेटिन लागत नाही. कागदावर छापला तर लागेल, कारण स्टुडिओच्या फोटोच्या कागदावरही तोच लेप असतो. पण नुसता स्कॅन करून फोनवर मागवला तर नाही. आणि सासूबाईंची इच्छा? त्यांना फोटो नको होता हे खरं. पण त्यांना न विचारता काढलेला असला, तर ती चूक वीस वर्षांपूर्वीच होऊन गेली. हे शेवटचं कारण मी मला सोयीचं म्हणून शोधलं असेल. असो. मी रोल गुंडाळून मुंबईला पाठवला.

पंधरा दिवसांनी स्कॅन आले. सत्तावीसपैकी वीस तर नुसते जांभळट धुकं. कोकणाच्या दमटपणात दुसरं काय होणार. सात फोटोंत काहीतरी दिसत होतं. त्यातले चार ह्यांच्या नव्या स्कूटरचे! भाट्याच्या पुलाजवळ, थिबा राजवाड्यासमोर, घरासमोर, आणि पुन्हा घरासमोर. एक समुद्राचा. एकात कुणाचं तरी बोट. आणि एका फोटोत मागच्या पडवीत सासूबाई सुपात तांदूळ निवडत बसल्या आहेत, मान खाली. चेहरा अर्धाच दिसतो, रंग उडालेले. त्यांना कळलेलं दिसत नाही. खडे नव्हे, पोरकिडे बघत असायच्या त्या, एकेक अलगद उचलून अंगणात सोडायच्या.

ह्यांनी तो फोटो फोनवर मोठा करून पाहिला आणि चष्मा पुसायला आत गेले.

तर पाठवला हे बरं केलं असं मला वाटतं. जाऊबाईंनाही मी तो पाठवला. त्यांनी उत्तर दिलं नाही, पण त्यांच्या सुनेने सांगितलं की त्यांनी तो भावजयींना दाखवला.

आता नातीबद्दल. तिला रोल नाही म्हटलं तेव्हा ती रुसली. तिचं म्हणणं होतं की फोनवर ती मजा नाही. मजा कसली, विचारलं. म्हणाली, "आजी, छत्तीसच असतात ना, मग प्रत्येक फोटो विचार करून काढावा लागतो." मी तिच्याकडे बघतच राहिले. सोळा वर्षांची पोर मला परिमाण व्रत समजावून सांगत होती! भोगोपभोगाला मर्यादा घालायची, मोजून घ्यायचं, हेच तर आपण आठवड्याला, चातुर्मासाला करतो. आज दहाच पदार्थ, आज दोनच रस. तिच्या फोनमध्ये चौदा हजार फोटो आहेत, त्यातले जेवणाच्या ताटांचे किती हे तिलाही माहीत नाही. तो परिग्रह नाही तर काय? फोनही काही निष्पाप नाही. जमिनीतून काढलेले धातू, सतत लागणारी वीज, ते सगळं आहेच. पण तो घरात आधीच आहे आणि त्यावर एक फोटो जास्त काढला म्हणून हाड लागत नाही.

मग आमचं ठरलं. रत्नदुर्गला जायचं, फोनवरच, पण छत्तीस. काढलेला पुसून परत काढायचा नाही. वहीत आकडा मांडायचा. मी वही घेऊन मागे. पहिल्या दहा मिनिटांत तिने एकोणीस संपवले, भगवतीच्या देवळापाशी पोचेपर्यंत सत्तावीस. मग मात्र हात आखडला. दीपगृहाच्या बाजूला ती बराच वेळ नुसती उभी होती, फोन खिशात. परत येताना पाच शिल्लक होते. म्हणाली, "आजी, हे उद्याला चालतात का?" मी म्हटलं, "नाही. मर्यादा दिवसाची असते."

एक सूचना मात्र सगळ्या जणींना. हल्ली वाढदिवसाला मुलींना लगेच फोटो बाहेर येणारा कॅमेरा भेट देतात, इन्स्टॅक्स म्हणतात त्याला. दिसायला गोड खेळणं. त्याच्या फिल्मच्या पाकिटातही जिलेटिनच असतं. दुकानदाराला विचारून उपयोग नाही, तो म्हणेल "ताई, हे खायचं थोडंच आहे?" मला एकाने असंच म्हटलं. घ्यायचं की नाही ते ज्याचं त्याने ठरवावं. पण माहीत असून ठरवावं.

यशिका आता काचेच्या कपाटात आहे, सेल काढून. येत्या चातुर्मासात इकडे त्यागी आले की हा प्रश्न मी त्यांच्यापुढे ठेवणार आहे, विशेषतः जुन्या फोटोंचा. जाऊबाईही येणार आहेत म्हणाल्या.